हापूसची पोळी आणि ह्यांची गादी

जुन्या गादीपासून पर्यावरणाला धोका असतो, हे मला माहीत होतं. जुन्या गादीपासून मुलीच्या लग्नालाही धोका असतो, हे मला गेल्या मे महिन्यात कळलं.

त्याचं असं झालं, ह्यांच्या कंबरेने असहकार पुकारला आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने घरात नवी कडक गादी आली. जुनी कापसाची उरली. आमच्या लग्नाआधीपासूनची, मधोमध ह्यांच्या आकाराचा खड्डा! ती घंटागाडीत द्यायचं ठरत होतं, पण मी नुकतीच महिला मंडळात कचऱ्यावरचं व्याख्यान ऐकून आले होते. (गेले होते बटाटेवड्यांसाठी, पण कानावर पडायचं ते पडलंच.) गादी कचऱ्यात टाकली की डेपोत नुसती जागा अडवून बसते, जाळली तर धूर, आणि नव्या गादीसाठी कापूस पिकवायला पाणी लागतं ते वेगळंच. उलट तोच कापूस पिंजला तर उशा होतात, आणि अगदीच कुजका निघाला तर झाडाच्या बुंध्याशी घालावा, ओल टिकते.

"ह्या गादीची एक मूठसुद्धा कचऱ्यात जाणार नाही!" मी जाहीर केलं.

"अगं, जुना तर मीही झालोय," हे म्हणाले.

"तुमचा काही उपयोग सापडला की सांगते."

त्याच आठवड्यात घरात दुसरी, जास्त गंभीर मोहीम चालू होती. आमच्या मुक्ताने पुण्यातला मुलगा स्वतःच पसंत केला होता आणि मुलाची आई रविवारी लग्नाची तारीख ठरवायला येणार होती. फोनवर बाई सहज बोलून गेल्या, "आंबापोळी काय हो, हल्ली सगळी साखरेचीच असते." झालं! सासूबाईंच्या ते वर्मी लागलं. "आमची अस्सल हापूसचीच असते," असं फोनवरच ठणकावून त्या आमच्याकडे वळल्या.

"येऊ दे तिला. हापूस म्हणजे काय ते दाखवते!"

मागच्या अंगणात बाजेवर ताटं मांडली गेली. रोज उन्हात रसाचा एकेक थर. माशी बसू नये म्हणून वर चार काठ्यांना सासूबाईंचं जुनं मऊ पातळ बांधलेलं. मी नुसती जवळून गेले तरी आतून आवाज यायचा, "सावली पाडू नको गो!"

शनिवारी दुपारी त्या जरा आडव्या झाल्या आणि मी गादी उसवायला घेतली. पिंजारी हल्ली फिरकत नाहीत, पण व्हिडिओत एका बाईने काठीने झोडपून कापूस असा काही फुलवला होता की म्हटलं, हा तर माझ्या हातचा मळ. कापूस पसरायला स्वच्छ कापड हवं होतं. समोर पातळ होतंच! (पर्यावरणवादी बाईने नवी चादर थोडीच काढायची?) ताटं आता सुकलीच असतील, काम झालं की परत बांधू, असं म्हणत मी ते सोडवलं.

ताटं सुकली नव्हती. सकाळीच सासूबाईंनी शेवटचा थर ओतला होता.

मी काठी उचलली. पहिला फटका गादीला होता, पुढचे सगळे, खरं सांगायचं तर, ह्यांच्या घोरण्याला होते. काय मजा आली म्हणून सांगू! आणि दुपारी इथे समुद्रावरून वारा सुटतो, हे रत्नागिरीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मला आठवलं नाही. वारा आला, कापूस उठला, तुळशीला वळसा घालून थेट ओल्या हापूसवर जाऊन बसला.

"अगं, ताटांना दाढी आली!" झोपाळ्यावरून हे ओरडले.

सासूबाई धावत आल्या. "काय गो केलंस हे, माझे बाय! उद्या त्या पुणेकरणीला काय दाखवू? माझं तोंड?"

मी चिमट्याने कापूस वेचायला बसले. एक धागा निघे आणि सोबत बोटभर पोळी येई. मग ह्यांच्या डोक्यात कल्पना आली (येत नाही, पण आली तर अशी येते). मुक्ताचा केस वाळवायचा ड्रायर आणून कापूस फुंकून उडवायचा! कापूस उडाला नाही. रस मात्र खडखडीत वाळला आणि कापूस आत कायमचा रुतला.

सासूबाईंनी ताटं मागच्या अंगणातच झाकून ठेवली आणि फर्मान काढलं, "उद्या कोकम सरबत आणि खांडवी. पोळीचं नाव काढलंत तर याद राखा!"

रविवारी होणाऱ्या विहीणबाई आल्या. सरबत झालं, खांडवी झाली. मग "जरा हात धुऊन येते" म्हणून त्या मागच्या दारी गेल्या आणि परत आल्या त्या चघळतच! हातात पोळीची लांबलचक पट्टी. मुक्ताचा चेहरा पांढराफटक, गादीतल्या कापसासारखा.

विहीणबाई बराच वेळ चावत होत्या. "आजी, तुम्ही हापूस म्हणाला होतात ना? एवढे धागे? हा तर रायवळ!"

आता रायवळ म्हणजे आमचा गावठी, धागेवाला आंबा. चवीला अमृत, पण हापूसवाल्या घरात त्याची पोळी करणं म्हणजे अब्रूचा प्रश्न! सासूबाईंपुढे दोनच वाटा होत्या. रायवळ म्हणायचं, नाहीतर गादी म्हणायचं. त्यांनी माझ्याकडे बघितलं (ती नजर मी जन्मात विसरणार नाही), मग मुक्ताकडे बघितलं, आणि म्हणाल्या,

"हो. रायवळच तो."

मला भडभडून आलं. नातीसाठी बाईने आयुष्यभराचा हापूस पणाला लावला!

"तरीच!" विहीणबाई खूश. "अस्सल चीज आहे. चावायला किती छान लागतं! सगळी बांधून द्या मला." आणि पोळीबरोबर डिसेंबरातली तारीखही पक्की करून गेल्या. ह्यांना खोकल्याचं निमित्त करून उठावं लागलं.

तर हिशेब असा, की गादीतल्या कापसाच्या दोन उशा झाल्या, कुजका होता तो माडाच्या बुंध्याशी गेला आणि बाकीचा पुण्याला. एक मूठसुद्धा कचऱ्यात गेली नाही! मंडळाला माझं इतकं कौतुक, की 'जुन्या गादीचं मी काय केलं' यावर मला भाषण करायला बोलावलंय. ते ऐकायला विहीणबाई खास पुण्याहून येणार आहेत.

माझा घसा कालपासून बसलाय. डिसेंबरात लग्न लागेपर्यंत तो काही मोकळा होत नाही.