जमत नाही त्याची यादी

डंपरखाली दादाचा पाय गेला, त्याच्या पुढच्या महिन्यात एक वकीलबाई आमच्या मुलुंडच्या घरी आल्या. अपघातात जखमी झालेल्यांचे भरपाईचे दावे त्या लढवायच्या. वय पन्नाशीचं, साडीखाली स्पोर्ट्स शूज. पाणी पिण्याआधीच त्यांनी एक्स-रे खिडकीशी धरून पाहिला. मग दादापुढे कोरा कागद ठेवला.

"आता जे जे जमत नाही ते सगळं लिहा. लाजू नका."

दादा शाळेत कबड्डी शिकवायचा. दोन ओळी लिहून त्याने पेन खाली ठेवलं.

"मॅडम, हे लिहितानाच मरेल ना माणूस."

"माहितीये," त्या म्हणाल्या. "माझे बाबा ट्रकखाली गेले. त्यांच्या केससाठीच मी वकील झाले. तारखा पडत गेल्या. निकाल लागला तेव्हा आई नव्हती."

हे सांगताना त्यांनी पेन उचलून परत दादाच्या हातात दिलं. बऱ्याच वेळाने त्याने लिहिलं, 'मुलीला खांद्यावर घेता येत नाही.'

बाईंनी वाचलं. हलक्या आवाजात विचारलं, "वय काय तिचं?"

"चार."

त्यांनी ते समासात टिपून घेतलं. दादा भिंतीकडे तोंड करून बसला. हे सगळं कोर्टात मोठ्याने वाचलं जाणार होतं.