व्रबोव्काला ठेवायचं की काढायचं

उल्का निमकर मूळची नागपूरची, आता अमेरिकेतल्या शॉमबर्गची. नोकरी एका विमा कंपनीच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायची. एवढ्यावर तिचं समाधान होत नसे, म्हणून संध्याकाळी ती इंटरनेटवरच्या एका ज्ञानकोशात जाऊन बसे. तिथे कुणीही लेख लिहू शकतो आणि कुणीही 'हा काढून टाका' असं सुचवू शकतो. मग आठवडाभर चर्चा चालते. या चर्चांमध्ये उल्काचा दरारा होता. तिचा प्रश्न एकच असे: ज्याचा तुमच्याशी काही संबंध नाही, अशा कुणी याच्याबद्दल कुठे लिहिलंय का?

मार्चमध्ये तिने व्रबोव्का नावाच्या एका जुन्या चेक मिनरल वॉटरवर बोट ठेवलं. लेखातले सगळे संदर्भ पाणी विकणाऱ्या कंपनीचेच होते. लेख लिहिणारा पावेल नावाचा चेक गृहस्थ काकुळतीला आला. आमचं गाव पिढ्यान्‌पिढ्या हेच पाणी पितं, माझी आजीसुद्धा रोज प्यायची, असं त्याने कळवलं. उल्काने उत्तर दिलं, "आपल्या आजी स्वतंत्र संदर्भ ठरत नाहीत." आणि ती निवांत कुकर लावायला गेली.

त्याच आठवड्यात ती नवऱ्याबरोबर, ऋषीबरोबर, वकीलबाईंकडे गेली. ग्रीन कार्डाच्या रांगेत दोघांचे केस पिकायला आले होते. मुलगी शिवांगी पुढच्या वर्षी एकवीस पूर्ण करणार होती, आणि एकविशीनंतर आई-वडिलांच्या अर्जातून तिचं नाव गळणार होतं. असामान्य कर्तृत्वाच्या लोकांसाठी वेगळी, आखूड रांग असते. तिच्यात शिरता येईल का, हे विचारायला उल्काने मॅनेजरचं, सहकाऱ्यांचं आणि महाराष्ट्र मंडळाच्या अध्यक्षांचं शिफारसपत्र नेलं होतं.

"हे सगळे तुम्हाला ओळखतात," वकीलबाई म्हणाल्या. "तुम्हाला न ओळखणाऱ्या कुणी तुमच्याबद्दल कुठे लिहिलंय का?"

"मी चूक सुटू देत नाही," उल्का म्हणाली. "एखादी मोठी सुटली असती, तर पेपरात आलं असतं."

वकीलबाईंनी मान हलवली. त्यांना ते पटलं होतं, पण पटून उपयोग नव्हता.

परतताना गाडीत ऋषी म्हणाला, "यार, तुझाच डायलॉग तिने तुला ऐकवला." उल्काचं डोकं सणकलं होतं. वकीलबाईंवर नाही; स्वतःवर, आणि थोडं पावेलच्या आजीवरही.

घरी येताच ती व्रबोव्कासाठी स्वतंत्र संदर्भ शोधायला जुन्या जर्मन पुस्तकांच्या स्कॅनमध्ये घुसली. जर्मन तिला ओ की ठो कळत नव्हतं, भाषांतराचं काम सॉफ्टवेअरने केलं. स्वयंपाकाचं ऋषीने केलं, त्याची नोंद कुठेच नाही. शेवटी सापडलं: व्हिएन्नाच्या कुणा डॉक्टरचं झऱ्यांवरचं जाडजूड पुस्तक, आणि त्यात व्रबोव्कावर अख्खं प्रकरण. या पाण्याची चव अशी, की दुसरा पेला टाळण्यासाठी रोगी लवकर बरे होतात, असं त्याचं निरीक्षण होतं. डॉक्टरचा ना गावाशी संबंध, ना आजीशी. एकाने भागत नाही, म्हणून तिने एका भूगर्भतज्ज्ञाचाही उल्लेख शोधून काढला आणि लेख काढून टाकायची आपली सूचना स्वतःच मागे घेतली. ज्ञानकोशातली मंडळी चक्रावली. पावेलने एक बाटली पाठवू का म्हणून विचारलं, तर ती लाच होईल असं तिने कळवलं.

लेख राहिला. शिवांगी कॉलेजच्या सुट्टीत घरी आली होती, तिला ऋषीने सगळी कथा रंगवून सांगितली.

"सो द वॉटर गेट्स टू स्टे?" शिवांगीने विचारलं.

"हो," उल्का म्हणाली.

"जस्ट बिकॉज समबडी रोट अबाउट इट?"

"हो."

"अँड व्हॉट अबाउट मी, आई?"

नियम उल्काला पाठ होते, रांग किती लांब आहे तेही ठाऊक होतं, आणि वकीलबाईंचा चेहरा डोळ्यांसमोरून हलत नव्हता.

"तू राहशील," ती म्हणाली. हाताशी एकही संदर्भ नसताना उल्का निमकरने आयुष्यात केलेलं हे पहिलंच विधान.