दोऱ्याने मोजलेली विहीर

बाहत्तरच्या दुष्काळात मी पाटबंधारे खात्यात कारकून होतो आणि उन्हाला भीत होतो. यातली नोकरी पुढे सुटली, भीती अजून आहे.

त्या उन्हाळ्यात वरून आदेश आला. कालव्यापासून मोजणीच्या दहा साखळ्यांच्या आत ज्यांची विहीर असेल त्यांनी इंजिन लावायचं नाही, कारण विहिरीत झिरपतं ते कालव्याचंच पाणी आणि ते पिण्यासाठी राखायचंय. बादलीने शेंदायला हरकत नव्हती. या दहा साखळ्या मोजायच्या कशा, हे मात्र आदेशात कुठेच नव्हतं. आमच्याकडे ते काम पाटकऱ्याचं. पाटाची दारं उघडायची, मिटायची आणि अशी मोजमापं करायची. आमचा म्हातारा पाटकरी साखळी थेट जमिनीवर टाकत जायचा. मध्ये ओढा आला की साखळीही ओढ्यात उतरायची आणि पलीकडच्या काठाला चढायची. मी त्याच्याबरोबर फिरून विहिरींची यादी करावी असं ठरलं होतं.

पहिल्या दिवशी मी चार विहिरी फिरलो. दुसऱ्या दिवशी डोक्याला ओला रुमाल बांधून कचेरीतच बसलो. भिंतीवर गावाचा नकाशा होता. पट्टी सापडेना, म्हणून सदऱ्याच्या शिवणीतला दोरा ओढून काढला, नकाशावर ताणला आणि चहा निवायच्या आत उरलेली यादी पुरी केली. त्या दिवशी मला माझ्या बुद्धीचं फार कौतुक वाटलं. सदरा उसवला, एवढाच तोटा दिसत होता.

यादीत कोल्हारकडच्या एका मास्तरांची विहीर होती. मास्तर मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेले. मूलबाळ नव्हतं. नवराबायकोने पेन्शनीच्या आधाराने मोसंबीची साठ झाडं लावली होती, आणि त्या वर्षी ती पहिल्यांदा भरघोस फळ धरणार होती. दोऱ्याने त्यांची विहीर साडेनऊ साखळ्यांवर आली. आमच्या माणसांनी जाऊन इंजिनाचा पट्टा काढून आणला.

मास्तर आधी कचेरीत आले. ओढा धरून मोजलं तर अकरा साखळ्या भरतात, एवढंच त्यांचं म्हणणं. मी त्यांना खुर्ची दिली आणि नियम ऐकवला. मग ते तालुक्याच्या कोर्टात गेले. कोर्टाने विचारलं, खातं अंतर कसं मोजतं ते लेखी कळवा.

आता आमच्या कचेरीची रीत सांगितली पाहिजे. वरचा कागद रावसाहेबांकडे जायचा. रावसाहेब, म्हणजे आमचे उपअभियंता, तो माझ्याकडे ढकलायचे. मी उत्तर लिहून खाली पेन्सिलीची फुली मारायची आणि रावसाहेबांनी फुलीवर सही करायची. वर काय लिहिलंय ते वाचणं म्हणजे कारकुनावर अविश्वास दाखवणं, आणि रावसाहेब भले गृहस्थ होते. तेव्हा मी लिहिलं, ‘सदर अंतर नकाशावर सरळ रेषेत मोजण्याची या खात्याची पद्धत आहे.’ फुली मारली. सही झाली. माझा दोरा सरकारी झाला.

तारखेच्या आदल्या दिवशी पाटकरी माझ्याकडे आला. म्हणाला, “भाऊसाहेब, आमी तर जमिनीवरच मोजतो. मी येऊ का कोर्टात सांगाया?”

मी म्हटलं, तुम्हाला कशाला उन्हाचा त्रास. दुसऱ्याच्या उन्हाचीही मला काळजी असायची.

कोर्टात मास्तर स्वतःच उभे राहिले. छान बोलले, फळ्यावर आकृती काढल्यासारखे. न्यायाधीश मन लावून ऐकत होते. त्यांनी आमचं पत्र दोनदा वाचलं आणि कागदपत्र घेऊन उभ्या असलेल्या मला विचारलं, “ही पद्धत कधीपासूनची?”

खरं उत्तर, ‘मागच्या महिन्यात पट्टी सापडेना तेव्हापासून.’ तेवढं बोललो असतो तर नोकरी गेली नसती. फार तर रावसाहेब चार दिवस बोलले नसते, चारचौघांत हसं झालं असतं. हसं व्हायला मी तेव्हा भ्यायचो. आता गोष्टी सांगून स्वतःचं हसं करण्यावरच माझं चाललंय.

मी म्हणालो, “पहिल्यापासून, साहेब.”

न्यायाधीश मास्तरांकडे वळले. त्यांचा आवाज मऊ होता. “मास्तर, तुमचं माप चूक आहे असं मी म्हणत नाही. पण नियम दोन्ही तऱ्हांनी वाचता येतो. जे खातं तो रोज राबवतं, त्याने लावलेला अर्थ वाजवी असेल तर कोर्टाने आपला अर्थ पुढे करू नये. यात त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.”

त्यांच्या परीने ते बरोबरच होते. त्यांना काय ठाऊक, ते ज्याच्यापुढे मान तुकवतायत ते खातं समोर उसवल्या सदऱ्यात उभं आहे.

बाहेर लिंबाखाली मास्तर थांबले होते. मला वाटलं, आता बोलणार. त्यांनी विचारलं, “भाऊसाहेब, आमची विहीर पाहिलीत का तुम्ही कधी?”

“नाही.”

“या एकदा. चहा घ्यायला या.”

मी गेलो ते दोन पावसाळे उलटल्यावर. पाटकऱ्याला साखळी घेऊन सोबत नेलं, का ते सांगता येणार नाही. कालव्यापासून निघालो, ओढ्यात उतरलो, वर चढलो. विहिरीच्या काठाला अकरा भरल्या आणि वर हातभर. पाटकरी साखळी गुंडाळत म्हणाला, “म्या तवाच म्हन्लं हुतं,” आणि माझ्याकडे न बघता तंबाखू मळू लागला.

मोसंबीच्या जागी बाजरी होती. मोरीजवळ एकच झाड उभं होतं, मास्तरांच्या बाईंनी भांड्यांच्या पाण्यावर जगवलेलं. मास्तरांनी खाट टाकली. मी म्हणालो, मास्तर, आत्ता मोजलं, अकरा भरल्या. त्या पत्राचंही सांगून टाकलं, दोऱ्यासकट. ते ऐकत राहिले. वर्गात उशिरा उत्तर देणाऱ्या पोराकडे बघावं तसं बघत म्हणाले, “बरोबर आहे. बसा आता.”

बाईंनी चहा आणला. धुराला वेगळाच वास होता, म्हणून मी चुलीकडे पाहिलं. पलीकडे भिंतीला फोडलेली लाकडं छातीइतकी रचली होती.

“मोसंबीचं आहे,” बाई म्हणाल्या. “जळतं चांगलं. अजून वर्षभर पुरेल.”