मावशींनी सेन्सरला गादी घातली

धडधड मावशींचं खरं नाव काय, हे विचारलंत तर त्यांच्या नवऱ्यालासुद्धा थोडं थांबून आठवावं लागेल. वॉशिंग मशीन दुरुस्त करतात, दिवसभर त्या धडधडीत असतात आणि बोलायला लागल्या की मशीनलाही मागे टाकतात, म्हणून हे नाव. त्यांना ते आवडत नाही असं त्या सांगतात. पण दुकानाच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत तेच रंगवून घेतलंय, त्यामुळे आपण काय समजायचं ते समजावं.

मावशींची तपासणी म्हणजे बघण्यासारखी गोष्ट होती. मशीन कपडे पिळायला लागलं की त्या त्याच्या माथ्यावर उजवा तळहात ठेवायच्या आणि डोळे मिटायच्या, पोराचा ताप बघावा तसं. मग जाहीर करायच्या, "बेअरिंग गेलंय." नाहीतर, "एक पाय अधांतरी आहे." आणि कधी कधी, "मशीन ठणठणीत आहे, तुम्ही चादरी कोंबणं कमी करा." ह्या शेवटच्या निदानावर काही गिऱ्हाइकं फुगून बसायची, पण पुढच्या वेळी बोलवायची मावशींनाच.

आणि नेमका तोच तळहात रुसला. मनगटातली नस दबली, ऑपरेशन झालं, बोटं पुन्हा हलायला लागली, स्क्रू ड्रायव्हरही धरता यायला लागला. तळहात मात्र बधिरच राहिला. डॉक्टर म्हणाले, "संवेदना येईल हळूहळू. कदाचित येणारही नाही."

"हे काय उत्तर झालं?" मावशी म्हणाल्या. "मशीनबद्दल मी असं सांगितलं तर लोक मला दारात उभं करणार नाहीत."

"डावा हात आहे की," काका, म्हणजे त्यांचे यजमान, पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले.

"तुम्ही कधी डाव्या हाताने सही केलीये?"

काका पुन्हा पेपरात शिरले.

हसण्यावारी नेलं, पण कामात ते नडलंच. नर्सेसच्या वसतिगृहातलं मोठं मशीन पिळताना जागचं सरकायचं. मावशींनी तळहात ठेवला, काही कळलं नाही, तरी कळल्यासारखं केलं आणि चांगलं बेअरिंग काढून नवं घातलं. दुसऱ्याच दिवशी मेट्रनबाईंचा फोन. "मावशी, तुमचं मशीन आज पुन्हा दारापर्यंत आलं होतं. रजेचा अर्ज द्यायचा असेल बहुतेक."

शेजारी स्कूटरच्या सुट्या भागांचं दुकान आहे. त्या स्कूटरवाल्या भाऊंना टायर ठेवायला जागा हवी होती आणि मावशींच्या दुकानावर त्यांचा केव्हाचा डोळा. माणूस वाईट नाही हो, पण नजर मात्र भिंतींची मापं घेत फिरते. ते म्हणाले, "मावशी, आता आराम करा. जागा मला द्या." एरवी मावशींनी त्यांना टायरमध्ये घालून गडगडवलं असतं. पण ह्या खेपेला त्या म्हणाल्या, "शनिवारी सांगते." हे ऐकल्यावर काकांनी पेपर खाली ठेवला. मग तुम्हीच समजा काय परिस्थिती होती ते.

त्याच आठवड्यात विहीणबाईंचं पार्सल आलं. विहीणबाई म्हणजे सुनेची आई. चिपा बनवणाऱ्या एका कंपनीत तपासणी विभागात आहेत. ह्या दोघींचं एकमेकींवाचून पान हलत नाही आणि एकमेकींना टोमणे मारल्याशिवाय फोन बंद होत नाही. पार्सलात चंदेरी पिशवी, तिच्यात टणक प्लास्टिकची चपटी डबी आणि डबीत बिस्किटाएवढा हिरवा बोर्ड. वर काळा ठिपका, मुंगीने बसायला घेतलेल्या चौरंगाएवढा.

मावशींनी लगेच फोन लावला. "विहीणबाई, हे काय पाठवलंत? बाहुलीच्या घरातली फरशी?"

"इव्हॅल्युएशन बोर्ड म्हणतात त्याला. आपण कपडा घेण्याआधी अंगात घालून बघतो ना, तसं चिप घेण्याआधी कंपन्या ह्या बोर्डावर ती चालवून बघतात. तो मधला ठिपका आहे ना, तो सेन्सर, हालचाल ओळखतो. थरथर, धक्का, कलणं, सगळं."

मावशींनी बोर्ड डोळ्यांजवळ धरला. मग हळूच म्हणाल्या, "थरथर ओळखतो?"

"तुमच्या तळहातासारखी. फक्त डोळे मिटण्याचं नाटक करत नाही."

"नाटक काय हो! लावा, लावा, कसं लावायचं ते सांगा लवकर!"

झालं! जेवणाच्या टेबलावरची सगळी भांडी उठली, सुनेचा जुना लॅपटॉप आला, काकांचा चष्मा काढून मावशींनी स्वतःच्या नाकावर चढवला. विहीणबाई फोनवरून एकेक सांगत होत्या. सॉफ्टवेअर उतरवलं. बसवलं. बोर्डाला केबल लावली आणि बोर्डावरचा इवलासा दिवा लागला. मावशींनी टाळ्या पिटल्या.

"आता 'कनेक्ट' दाबा."

दाबलं. सॉफ्टवेअर म्हणालं, बोर्ड सापडत नाही.

"सापडत नाही म्हणजे? हा काय माझ्यासमोर दिवा लावून बसलाय!"

"केबल कुठली लावलीत?"

"घरातलीच. तुमची अगदीच आखूड होती."

"मोबाइल चार्ज करायची असेल. तसल्या काही केबलींमधून नुसती वीज जाते, बोलणं जात नाही."

मावशींनी केबल हातात धरली, मग काकांकडे बघितलं. "म्हणजे आमच्या ह्यांच्यासारखी. जेवण आत जातं, शब्द बाहेर येत नाही."

"ऐकू येतंय मला," काका म्हणाले.

"तेवढं तरी येतंय!"

आखूड केबल लावली, पुन्हा कनेक्ट दाबलं आणि पडद्यावर तीन रेघा सरपटायला लागल्या. लाल, हिरवी, निळी. एक डावी-उजवी हालचाल दाखवणारी, एक मागची-पुढची, एक वरची-खालची. मावशींचा आनंद गगनात मावेना. पण लगेच कपाळाला आठी.

"विहीणबाई, तुमचा माल खोटा आहे. लाल-हिरव्या शून्यावर निजल्यात, पण ही निळी एकावर जाऊन बसलीये. बोर्ड तर टेबलावर गप्प पडलाय. मग हिला कोण हलवतंय?"

"कोणी हलवत नाही. ती पृथ्वी आहे."

"काय आहे?"

"पृथ्वी. ती खाली ओढते ना सगळ्यांना, ते ह्या बोर्डाला कळतं. उलटा करून बघा."

मावशींनी डबी उलटी केली. निळी रेघ धाडकन खाली. कुशीवर ठेवली, तर निळी शून्यावर आणि हिरवी वर. मग जे सुरू झालं ते विचारू नका. उलटी, सुलटी, कुशीवर, तिरकी. पृथ्वी आपल्या टेबलावर सापडली म्हणून ही बाई लहान मुलीसारखी खिदळत होती. "अहो, इकडे या! उडी मारा!"

"ह्या वयात?"

"मग कुठल्या वयात मारणार? मारा म्हणते ना!"

काकांनी इकडेतिकडे बघितलं, दार बंद आहे ना याची खात्री केली आणि टेबलाशेजारी उडी मारली. तिन्ही रेघा टुणकन उडाल्या. काकांनी पडद्याकडे बघितलं, आणि कोणी न सांगता पुन्हा एक मारली.

शुक्रवारी सकाळी मावशी लॅपटॉप छातीशी धरून वसतिगृहात हजर. कपडे धुण्याच्या खोलीत ओल्या चादरींचा वास, कोपऱ्यात इस्त्रीचं टेबल आणि भिंतीशी ते दांडगट मशीन. मेट्रनबाई दारात हाताची घडी घालून उभ्या. आजही मशीन नीट झालं नाही, तर शनिवारी स्कूटरवाल्यांना काय सांगायचं हे मावशींनी मनाशी ठरवलं होतं. काकांना मात्र सांगितलं नव्हतं.

मावशींनी डबी मशीनवर फार मायेने बसवली. आता, मावशींचा सगळा धंदाच धक्के जिरवण्याचा. जे जे हादरतं त्याच्याखाली मऊ काहीतरी सरकवायचं, हा त्यांचा आयुष्यभराचा शिरस्ता. मशीनच्या पायांखाली रबर, मिक्सरखाली रबर, काका घोरतात म्हणून पलंगाच्या पायांखालीसुद्धा रबर. तेव्हा विहीणबाईंचा एवढा नाजूक बोर्ड त्या उघड्या पत्र्यावर कशा ठेवतील? स्पंजाची चांगली जाड गादी कापून आणली होती. गादीवर डबी, वरून सैलसर चिकटपट्टी. "हं, बाळा, आता सांग काय दुखतंय ह्याला."

मशीन पिळायला लागलं. खोली हादरली, इस्त्रीचं टेबल हादरलं, मेट्रनबाईंच्या गळ्यातली शिट्टी हादरली. आणि पडद्यावर? पाळण्यातल्या पोरासारख्या रेघा नुसत्या जराशा डुलत होत्या. मावशींनी डबी गादीसकट दुसऱ्या कोपऱ्यात नेली. तेच. तिसऱ्या, चौथ्या. तीच आळसावलेली लाट.

"हे चालू आहे ना?" मेट्रनबाईंनी विचारलं.

"चालू आहे. विचार करतंय." मावशींच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

विहीणबाईंना फोन. केबल बघितली, वेग बघितला, सगळी बटणं पुन्हा दाबली. "सगळं बरोबर दिसतंय हो," विहीणबाईंचा आवाजही उतरला. "बोर्डच बिघडला असेल. दुसरा पाठवते ना. चार-पाच दिवसांत मिळेल."

चार-पाच दिवसांत! मशीन तर एव्हाना भिंतीपासून वीतभर पुढे आलेलं. मावशींनी फोन खांद्यात धरला आणि डबी उचलायला चिकटपट्टी ओढली. पट्टी सुटली, डबी गादीवरून घसरली आणि तिची कड नुसती पत्र्याला टेकली.

पडद्यावर दंगल! तिन्ही रेघा वेड्यासारख्या वर-खाली.

मावशींनी डबी उचलली. रेघा शांत. पत्र्याला टेकवली. दंगल. गादीवर ठेवली. डुलकी. त्यांनी गादीकडे बघितलं, मशीनच्या पायांखालच्या स्वतःच बसवलेल्या रबरांकडे बघितलं आणि त्याच बधिर हाताने कपाळावर असा काही फटका मारला की मेट्रनबाई दचकल्या.

"विहीणबाई! बोर्ड चांगला आहे हो! मीच त्याला गादीवर निजवलं होतं!"

"कशावर?"

"स्पंजाच्या गादीवर! लागेल म्हणून! सगळे धक्के गादीनेच खाल्ले, ह्या बिचाऱ्यापर्यंत पोचणार काय?"

पलीकडे विहीणबाई हसायला लागल्या त्या ठसका लागेपर्यंत. "अहो, ह्या बोर्डाबरोबर हे पुस्तक येतं ना, त्यात काय काय करू नये ते सगळं लिहिलंय. पण गादी घालू नका असं लिहायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही!"

"मग लिहून घ्या! माझ्या नावाने!"

गादी गेली खिशात. डबी पत्र्यावर घट्ट चिकटवली आणि मावशी पुन्हा एकेका कोपऱ्यात फिरल्या, ह्या खेपेला नाचतच. पुढचे दोन कोपरे, बरं. मागचा उजवा, बरं. मागच्या डाव्या कोपऱ्यात लाल रेघ अशी उसळली की पडद्यात मावेना.

"पकडला!" मावशी ओरडल्या. "बेअरिंग-बिअरिंग काही नाही, ह्याच कोपऱ्यात पाणी मुरतंय! काढा, मागचा पत्रा काढा! म्हणजे मीच काढते, तुम्ही फक्त बाजूला व्हा!"

मागचा पत्रा निघाला. टबाचे हेलकावे आवरायला खाली दांडे असतात, शॉकर म्हणतात त्यांना. डाव्या बाजूच्या शॉकरचा खालचा बोल्ट तुटून दांडा नुसता लोंबत होता. मावशींनी तो अशा कौतुकाने बघितला की जणू हरवलेली अंगठी सापडली असावी. पिशवीतून नवा बोल्ट काढला, दांडा जागेवर बसवला, पत्रा लावला. मशीन पुन्हा सुरू. आवाज चढत गेला, चढत गेला आणि मशीन आहे तिथेच उभं राहिलं. लाल रेघ बारीक, एकसारखी, शहाण्या मुलीच्या वेणीसारखी.

"रजा नामंजूर झाली वाटतं," मेट्रनबाई म्हणाल्या. हसल्या नाहीत, पण हाताची घडी सुटली. "आणि ते बेअरिंग?"

"ते माझ्याकडून. चुकलंच होतं ते," मावशी म्हणाल्या आणि पहिल्यांदाच पुढे काही जोडलं नाही.

शनिवारी स्कूटरवाले भाऊ आले ते मापाची टेप हातात घेऊनच. मावशी दुकानाच्या दारात स्टुलावर, मांडीवर लॅपटॉप.

"मग मावशी, काय ठरलं?"

"ठरलंय. आधी तुमची स्कूटर इकडे आणा आणि चालू करा."

"कशाला?"

"आणा हो, तुमची स्कूटर काय मी धुवायला टाकत नाहीये."

भाऊंनी स्कूटर आणली, चालू केली. मावशींनी डबी हँडलवर घट्ट चिकटवली, गादीबिदी काही न घालता, आणि सवयीने उजवा तळहात तिच्या शेजारी ठेवला. डोळे मिटले. काहीच कळलं नाही. मग एक डोळा हळूच उघडून पडद्याकडे बघितलं.

"हं," मावशी म्हणाल्या.

"हं म्हणजे?" भाऊंनी टेप कधी खिशात घातली, त्यांचं त्यांनाही कळलं नाही. ते लॅपटॉपवर वाकले होते. "ही हिरवी एवढी का उड्या मारतेय? काय झालंय माझ्या गाडीला?"

"बसा इथे. सांगते. आणि भाऊ, ते टायर कुठे ठेवायचे ते तुमचं तुम्ही बघा, इथे जागा नाही."

"ते राहू द्या हो मावशी. हिरवीचं सांगा आधी!"