लांब केलेली गाडी

सटवाजीची गाडी रस्त्यानं निघाली की सायकलवालेसुद्धा घंटी वाजवून पुढं काढायचे. खोटं वाटत असेल तर वालूरच्या कुणालाही विचारा. सेलूच्या दत्तराव आडत्याची ती गाडी मुळात डोंगराळ मुलखासाठी घडवलेली. चढ आला की रेड्यासारखी रेटायची, पण सपाटीवर कितीही दाबा, चाळीसच्या पुढं नुसती बोंबलायची. आता आमच्या परभणी जिल्ह्यात चढ म्हणजे शोधून काढावा लागतो. सेलूहून रुईच्या गाठी नांदेडला टाकायच्या आणि माघारी यायचं, एवढंच काम. पण त्यात मुक्काम पडायचाच.

वालूरच्या बौद्धवस्तीत स्टेअरिंग धरणारा सटवाजी पहिलाच. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडता फोडता तो दत्तरावांच्या गाडीवर क्लीनर म्हणून चढला आणि दोन वर्षांत ड्रायव्हर होऊन बसला. वस्तीला त्याचा कोण अभिमान! घरात मात्र निराळाच मान मिळायचा. तो यायचा तेव्हा लेक पंचफुला झोपलेली आणि निघायचा तेव्हाही झोपलेली. कधी जागी सापडलीच, तर त्याला पाहून आत पळायची आणि आईला सांगायची, "आये, पावणं आलं!" शेजारची केवळाबाई पोट धरून हसायची. सटवाजीही हसायचा, पण त्या दिवशी त्याला घास गोड लागायचा नाही.

अशात पिंगळीजवळ उलटलेली एक गाडी भंगारात निघाली. परभणीच्या मैनोद्दीन मिस्त्रीनं सटवाजीला ती दाखवली आणि खालची गोम समजावून सांगितली. मागच्या धुऱ्यात दात्यांची जोडी असते: एक मोठं चक्र, आणि त्याला फिरवणारा दांड्याचा छोटा पिनियन. सटवाजीच्या पिनियनला दाते सहा, या भंगारातल्याला सात. ही जोडी बसवली आणि टायरही तिचेच मोठे घातले, की इंजिन तेवढंच फिरणार, पण गाडी जास्त पळणार. याला मिस्त्री लोक 'गाडी लांब करणं' म्हणतात.

सटवाजीनं साधा हिशेब केला. गाडी लांब झाली की घर जवळ येईल.

"सोच ले, सटवाजी," मैनोद्दीन म्हणाला. "गाडी लंबी करे तो लंबाच जाना पडता."

"लांब कुटं, चाचा? दिवे लागायला घरी जायाचंय मला. पोरगी पावणा म्हनायलीय."

मालकाला पटवायचं काम उरलं, आणि तिथंच सटवाजीनं माती खाल्ली. खरं कारण सांगायची त्याला लाज वाटली. ड्रायव्हरनं मालकापुढं उभं राहून 'लेकीसाठी' म्हणायचं? तो म्हणाला, "मालक, माल लवकर पोचल." दत्तरावांना याहून गोड वाक्य कुणी ऐकवलं नव्हतं. त्यांनी लगेच होकार दिला.

काढलेली जुनी जोडी सटवाजीनं घरी आणली. त्याच्या बायकोनं, केशरबाईनं, मोठं चक्र रांजणाखाली ठेवलं. रांजण असा बसला की डुलायचं नाव नाही. दांड्याचा पिनियन म्हणजे आयताच लोखंडी बत्ता. "तुमच्या गाडीचा पैल्यांदाच घराला उपेग झाला," ती म्हणाली आणि मीठ-मिरची कुटायला बसली.

नंतरचे काही दिवस फार सुखाचे गेले. मोठ्या टायरांवर गाडी वाऱ्यासारखी निघायची आणि दिवेलागणीला सटवाजी दारात. तिसऱ्या दिवशी पंचफुला त्याच्या ताटात जेवली. 'बा' म्हणायला तिची जीभ वळायला लागली होती. सटवाजी हॉटेलात चहा पिताना गाडीची तारीफ करत सुटला. ती तारीफ फिरत फिरत सेलूला पोचली.

"सटवाजी," दत्तराव म्हणाले, "नांदेड म्हंजी तुला आता परसाकडं जाऊन आल्यागत झालंय म्हनं. उद्यापास्नं हैद्राबाद."

"मालक, पर घरी..."

"आरं, पळती गाडी दावणीला बांधून ठिवू काय?"

मग हैद्राबाद, आणि हैद्राबादहून मिळेल त्या गावाचा माल. आता वाटेत चढ लागायचे, आणि लांब केलेली गाडी चढाला मान टाकायची. पाणी उकळायचं, सटवाजी रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून तासन्‌तास बसायचा. त्यात मीटरची वेगळीच तऱ्हा. ते गिअरपेटीला जोडलेलं. मागं दाते बदलले, चाकं मोठी झाली, याची त्याला खबरच नाही. शंभर चाललं की ऐंशीच्या आसपास दाखवायचं. माघारी आलं की दत्तराव केबिनमध्ये डोकावून ते वाचायचे.

"एवढंच? आन् दमलो म्हनतूस?"

सटवाजीनं समजावून पाहिलं. दत्तराव म्हणाले, "मीटर खोटं बोलत न्हाई, मानूस बोलतो." सटवाजीचा जीव जळला. त्यानं कापलेला रस्ता कुणाच्याच खिजगणतीत नव्हता.

"सोडून द्या," केशरबाई म्हणाली.

"आन् करू काय? परत खडी फोडू?" वस्तीतली पोरं आता त्याच्यासारखं व्हायचं म्हणत होती. कुठल्या तोंडानं खाली उतरायचं? गाडीचं दार आतून उघडत होतं, पण उतरायला जागा नव्हती.

शेवटी त्याच्या डोक्यात आलं, जुनीच जोडी परत टाकावी, म्हणजे हैद्राबाद सुटेल. नवी तुटली म्हणून मालकाला सांगावं. त्यानं रांजण उपसला, चक्र काढलं, उखळातला पिनियन उचलला आणि दोन्ही पोत्यात घालून मैनोद्दीनकडं गेला.

मैनोद्दीननं पिनियन नाकाजवळ धरला आणि त्याला शिंकांवर शिंका आल्या. आधी तो खूप हसला. मग बोट दात्यांवरून फिरवलं आणि हसायचा थांबला. मिठानं दाते खाल्ले होते, कडा झडल्या होत्या.

"ये तो गया, भाई. और जोडी का एक गया तो दूसरा भी किस काम का?"

"दुसरी?"

"छे दातां की इधर अब कहाँ से लाऊँ?"

सटवाजीनं पोतं खांद्यावर टाकलं. केशरबाईवर रागवायचीही सोय नव्हती. बत्ता तिच्या हातात त्यानंच दिला होता. घरी येऊन त्यानं चक्र पुन्हा रांजणाखाली सारलं.

सकाळी निघताना पंचफुला चक्क जागी होती. डोक्यावर आईच्या लुगड्याचा पदर ओढून, पाण्याचा तांब्या दोन्ही हातांनी धरून दारात उभी. पाहुण्याला निरोप कसा देतात ते तिला आता नीट जमायला लागलं होतं.

"पावणं, पाणी घ्या. परत या बरं का."

सटवाजी खाली बसला. मी तुझा बा हाय गं, असं सांगायला त्यानं तोंड उघडलं. पण मग ती विचारणार, तर जातूस कशाला? तो घटाघटा पाणी प्याला आणि रिकामा तांब्या तिच्या हातात दिला.

"येतो," तो म्हणाला. पाहुणे म्हणतात तसंच.