मालतीताईंच्या बांबूवरची खाच

मालतीताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी पेणच्या एस.टी. स्टँडसमोर चहा पीत होतो. रोह्याहून त्यांचे भाऊ बोलत होते. "ताई सकाळी गेली. तुमच्यासाठी तिने बांबू काढून ठेवलाय, सवडीने घेऊन जा." मला आधी हसूच आलं... आणि मग चहा तसाच ठेवून दिला.

मी सर्व्हेचा माणूस, रामवाडीत ऑफिस. खाडीच्या तळातून पाइपलाइन न्यायची तर तिथं जुनं जहाज, नांगर, धक्का असं काही पुरलेलं नाही ना, हे आधी पुरातत्त्वाच्या जाणकाराकडून तपासून घ्यावं लागतं. आमच्या कामावर जाणकार म्हणून रोह्याच्या मालतीताई आल्या. पन्नाशी उलटलेली, पायात रबरी बूट, खांद्यावर चांगला दोन पुरुष लांबीचा बांबू. मी तळाची चित्रं काढणारं महागडं यंत्र होडीवर चढवत होतो आणि बाई काठावरच्या घरांत शिरून विचारत होत्या, "जाळं कुठं अडकतं?" म्हटलं, झालं, आता चार दिवस गप्पांत जाणार. पण अडकायच्या जागा त्यांनी नकाशावर मांडल्या आणि त्यातल्या बहुतेक ठिकाणी माझ्या यंत्राने काहीतरी दाखवलंच. माझा तोरा तिथंच उतरला.

फक्त एकदा त्यांनी विचारलं नाही. खाडीकाठच्या एका गावात लग्न होतं, घरांना कुलपं होती आणि कंपनीची घाई. यंत्रात दगडांची रास दिसत होती, खाली लाकडी फळ्या. ओहोटीला ताईंनी बांबू खुपसला, टणक लागलं. "जुनी मालवाहू होडी! पोटात तोलासाठी भरलेले भाराचे दगड!" इतक्या खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. जागा टाळावी असा रिपोर्ट गेला, पाइपची रेघ बाजूला सरकली आणि नेमकी गावाच्या बांधावरून गेली. तो बांध खाडीचं खारं पाणी भातशेतीबाहेर रोखतो. तो कापला आणि नीट बुजवला नाही, तर शेती गेलीच.

आठवड्याने त्या गावच्या जानकीआजी आम्हाला शोधत धक्क्यावर आल्या. उभा जन्म मिठागरात काढलेली बाई. "अगो बाय, ती होडी आमच्या सासऱ्याची हाय. बांधाला खांड पडली तवा गावानं दगडं भरून बुडवलीन. पुढं खाडीनं ती जमीन खाल्ली, बांध मागं आला. आता तिच्यापायी हा बांध फोडताव व्हय?"

ताई खाली बसल्या. मी त्यांना बाजूला घेऊन म्हणालो, "रिपोर्ट गेलाय, आता कोण विचारतंय? उगाच तुमचं नाव खराब होईल." त्या माझ्यावर उखडल्या. "नाव माझं आहे, बांध त्यांचा आहे. चूक माझी, आणि भरायची त्यांनी?"

त्याच संध्याकाळी त्यांनी लिहून दिलं : माझा निष्कर्ष चुकला, मी गावाला विचारलं नव्हतं. त्या होडीचीही त्यांनी नोंद केली, गावाने फुटलेल्या बांधाची खांड बुजवायला बुडवलेली, म्हणून जपण्याजोगी. नवी रेघ होडी आणि बांध दोन्ही टाळून गेली. कंपनीने पुढचं काम मात्र दुसऱ्याला दिलं. ताईंनी चाकूने बांबूवर, त्या दिवशी टणक लागलं होतं तेवढ्या खोलीवर, एक खाच पाडली. "ही माझी पदवी," म्हणाल्या. मला त्यांचा फार अभिमान वाटला होता. तो तेव्हा बोलून दाखवायला हवा होता.

बांबू आता माझ्या ऑफिसच्या कोपऱ्यात उभा असतो. याच खाडीत परवा नवं काम निघालं. रिपोर्ट तयार, फक्त माझी सही बाकी. "काठावर कोणाला विचारलंत?" मी म्हटलं. पुरातत्त्वाचा नवा जाणकार म्हणाला, "यंत्रात सगळं स्वच्छ दिसतंय, सर." पेन हातात घेतलं, पण नजर कोपऱ्याकडे गेली. मी पेन ठेवलं, बांबू खांद्यावर टाकला आणि काठ गाठला.

पहिल्याच दारात एक बाई मासळी निवडत बसली होती. विचारलं, "मावशी, तुमचं जाळं कुठं अडकतं?"

तिने बांबूकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "रोह्याची बाय नाय आली?"

मी बांबू खांद्यावरून उतरवून दोन्ही हातांत धरला. तिला काय ते कळलं असावं. हात पुशीत ती उठली, म्हणाली, "या, बसा. दाखवतंय."