बाहेर बसलेले बाबूलालजी

मी किल्लीचं चित्र पुढे धरलं. "हे काय आहे, सुनंदाताई?"

त्यांनी चित्राकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि मान खिडकीकडे फिरवली. सहावं सेशन होतं. एक शब्द नाही.

"तिला आता काही कळत नाही, मॅडम," शेजारच्या खुर्चीतून त्यांचे भाऊ श्रीकांतराव म्हणाले. "तुम्ही तसा रिपोर्ट देऊन टाका. पुढच्या गुरुवारची पुण्याची तिकिटं काढलीत. माझ्या मुलाकडे राहील, तिथले डॉक्टर बघतील."

मी ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या एका हॉस्पिटलात स्पीच थेरपिस्ट आहे. स्ट्रोकनंतर पुष्कळांची वाचा जाते, तिला आम्ही अफेजिया म्हणतो. शब्द डोक्यात असतात, पण तिथवर जायचा रस्ता बंद पडतो. बघणाऱ्याला वाटतं, अक्कलच गेली. तसं नसतं, पण सहा सेशन झाल्यावर माझाही धीर सुटत चालला होता.

सुनंदाताई रिटायर्ड शिक्षिका. माहेर जुनं, दरबारी नोकरीतलं. अडतीस वर्षांपूर्वी त्यांनी बाबूलालजींशी लग्न केलं. बाबूलालजी पल्लेदाराचा, म्हणजे हमालाचा मुलगा, दाल बाजारात पोत्यांची वजनं करायचे. माहेरच्यांनी बारा वर्षं तोंड बघितलं नाही. मग हळूहळू येणंजाणं सुरू झालं, पण जावई दिवाणखान्यात कधी टेकला नाही. स्ट्रोक झाल्यावर भावाने बहिणीला सरळ आपल्या घरी नेलं. नवऱ्याला कुणी विचारलं नाही. ते रोज पायी जायचे आणि व्हरांड्यात बसून यायचे. माझ्याकडेही ते बाहेर बाकावरच असत.

त्या दिवशी श्रीकांतराव एमआरआयची कॉपी आणायला खाली गेले. दार थोडं उघडून बाबूलालजींनी डोकावलं.

"मॅडमजी, चार बज गए. इनकी चाय का टाइम है. पिला दूँ?"

गिळण्याची तपासणी मी पहिल्याच दिवशी केली होती, त्यामुळे चहाला हरकत नव्हती. म्हटलं, या. त्यांनी थर्मासमधून चहा ओतला, फुंकर घातली आणि कप सुनंदाताईंच्या डाव्या हातात दिला. उजवा हात चालत नव्हता. त्यांनी घोट घेतला, तोंड वाकडं केलं.

"फीकी."

सहा सेशनमधला हा पहिला शब्द. बाबूलालजी मात्र रोजच्यासारखे म्हणाले, "डॉक्टर ने शक्कर मना की है, मास्टरनी."

"चुप."

माणसाला चुप म्हटल्यावर इतकं खूश झालेलं मी आजवर पाहिलेलं नाही. रुमाल काढून ते डोळे पुसत बसले. मी पटकन तीच चित्रं हिंदीत विचारायला घेतली. चाबी आली, ताला आला. कंघी काही केल्या येईना. वीसपैकी नऊ आली.

"घर में आप लोग हिंदी बोलते हैं?" मी विचारलं.

"हाँ जी. मुझे मराठी कहाँ आती है. लड़ती भी हिंदी में हैं." मग आवाज खाली आला. "पूना में मुझे मिलने देंगे न, मॅडमजी?"

 

संध्याकाळी आमच्या न्यूरॉलॉजीच्या डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "केस हिस्ट्री कुणाकडून घेतली होती?"

"भावाकडून."

"नवरा कुठे होता?"

"बाहेर, बाकावर."

त्यांनी फाइल माझ्याकडे परत सरकवली. रागावले असते तर बरं वाटलं असतं. भाऊ म्हणाला, आमच्या घरात मराठीच, आणि मी लिहून घेतलं. मीही ग्वाल्हेरची मराठी. माहेरचं आडनाव ऐकलं की आम्ही भाषा विचारतच नाही. हिंदी बाजारातली आणि मराठी घरातली, हे आमच्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं.

दुसऱ्या दिवशी मी तिघांनाही आत बसवलं. सुनंदाताई हिंदीत बोलल्या हे ऐकून श्रीकांतराव गोरेमोरे झाले.

"अहो, पण आमच्या घरात मराठीशिवाय शब्द चालत नव्हता."

"तुमच्या घरात, हो. त्या अडतीस वर्षं दुसऱ्या घरात राहताहेत."

"म्हणजे मराठी गेली तिची?"

"तसं नाही. कुणाची एक भाषा आधी येते, दुसरी मागून. पण पुण्याचं आता त्यांनाच विचारू."

आधी होकार-नकार पक्का आहे का ते तपासलं. "आपका नाम कमला है?" नहीं. "ये ग्वालियर है?" हाँ. मग विचारलं, "भाई के साथ पूना जाएँगी?"

"नहीं."

असे पेशंट कधी कधी एकाच शब्दावर अडकतात, म्हणून प्रश्न उलटा केला. "यहीं रहेंगी?"

"हाँ."

"पुन्हा विचारा," श्रीकांतराव म्हणाले.

सुनंदाताई चिडल्या. डावा हात उचलून त्यांनी बाबूलालजींच्या बाहीला धरलं. शब्द शोधताना कपाळावर घाम आला. मी मदत केली नाही. ते आमच्या कामातलं सगळ्यात अवघड.

"ये... अकेले... नहीं."

श्रीकांतरावांनी चष्मा काढून पुसला, मग खिशातून मोबाइल काढून तिकिटं कॅन्सल केली. स्वभावाने माणूस वाईट नव्हता. बहिणीवर जीव होता, फक्त तिच्या संसारावर विश्वास नव्हता.

त्याच आठवड्यात सुनंदाताई आपल्या दोन खोल्यांत परत गेल्या. चौथ्या महिन्यात मराठी यायला लागली, अजून अडखळत येते. कंघी अजूनही येत नाही.

मी एक शिकले. घरी कोणती भाषा, असं विचारलं की लोक खानदान सांगतात. म्हणून आता पहिल्या दिवशी विचारते, पेशंट घरात भांडतो कुणाशी? ज्याचं नाव येईल, त्याला आधी आत बोलावते.